माडीच्या खिडकीचे गज

मालवणच्या बाजारपेठेमागच्या आळीत यमुनाबाईंचं माडीचं घर होतं. मुलगा रविकांत मुंबईला नोकरीत; घरी यमुनाबाई, सून प्रेमलता आणि तीन वर्षांची नात जानकी. प्रेमलता सासूला वचकून असे. यमुनाबाई बोलायच्या कमी, पण बोलल्या की समोरचा गप्प.

सत्तावन्न सालच्या मार्गशीर्षातली सकाळ. प्रेमलता चुलीपाशी भाकऱ्या थापत होती. जानकी माडीवर खेळत होती. खिडकीखालच्या पत्र्याच्या पेटीवर ती कधी चढली, कुणाला कळलंच नाही. बंदरातली गलबतं बघायला ती बाहेर वाकली आणि तोल गेला.

धप्पकन आवाज आला. प्रेमलता धावत अंगणात आली, तर माडाच्या चुडतांच्या, वाळक्या झावळ्यांच्या, ढिगाजवळ जानकी पडलेली. ढिगावर आदळली म्हणून डोकं वाचलं होतं. पण उजवी मांडी वेडीवाकडी दिसत होती. प्रेमलता तिला उचलायला झेपावली.

"हात लावू नको!" यमुनाबाई कडाडल्या. "हाड मोडला आसतला. हलयलास तर आणखी बिघडतला."

शेजारचे नाना तेलाची वाटी घेऊन चोळायला आले होते. त्यांनाही यमुनाबाईंनी मागे सारलं. माजघरातली लांब फळी आणवली, पोरीला अलगद तिच्यावर सरकवलं, लुगड्याच्या पट्ट्यांनी पाय फळीला बांधला आणि आळीतल्या गणपतच्या बैलगाडीतून दवाखाना गाठला. वाटभर त्या नातीच्या कपाळावर हात ठेवून बसल्या होत्या. सासूचं हे रूप प्रेमलताने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

डॉक्टर म्हणाले, "मांडीचं हाड मोडलंय, पण जुळेल. लहान हाड आहे." पायाला वजन बांधून जानकीला खाटेवर उताणी ठेवली.

संध्याकाळी आळीतल्या बायका दवाखान्यात बघायला आल्या. सावित्री वहिनी प्रेमलताच्या देखत म्हणाल्या, "आवशीचा ध्यान खंय होता गो?"

प्रेमलताची मान खाली गेली. आता सासूही बोलणार, असंच तिला वाटलं.

"तिचा ध्यान चुलीवर होता," यमुनाबाई म्हणाल्या. "भाकरी करूक मीच सांगितलंय. खिडकेक गज नाय, ह्या इतकी वर्सा माका दिसला नाय. तिका कित्या बोलतास?"

प्रेमलताला रडू आवरेना. पोर पडल्यापासून ती रडलीच नव्हती.

काही आठवड्यांनी जानकी घरी आली ती लंगडतच. पण महिन्याभरात अंगणात पळू लागली. त्याआधीच यमुनाबाईंनी सुतार परशुराम मेस्ताला बोलावून माडीच्या खिडकीला फणसाच्या लाकडाचे गज बसवून घेतले होते. तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. एका सकाळी पदर खोचून म्हणाल्या, "प्रेमा, चल माझ्यावांगडा."

आळीत माडीची घरं बरीच, आणि बहुतेक खिडक्या उघड्या. यमुनाबाई दारोदार फिरल्या. कुणी ऐकलं, कुणी हसलं. सावित्री वहिनी तर म्हणाल्या, "गज लावले तर वारो खंयसून येतलो?"

"गजातसून वारो येता. पोर जायत नाय," यमुनाबाई म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "तू सांग गो. पडला ता पोर तुझा."

चारचौघांत तोंड न उघडणारी प्रेमलता पुढे झाली. मग तिने सांगितलं: अंगणात पडलेली जानकी, तो वाकडा पाय, खाटेवरची तिची रड आणि पाय जुळला तरी अजून रात्री उठून आपण खिडकीचे गज कसे चाचपून बघतो ते. मध्ये ती अडखळली, पण थांबली नाही. सावित्री वहिनींचा धाकटा मुलगा तेव्हा त्यांच्या कमरेवर होता. त्यांनी त्याला नकळत घट्ट धरलं.

"मेस्ताक उद्याच धाडून दे," त्या हळूच म्हणाल्या.

त्या उन्हाळ्यात आळीत रंध्याचा आवाज थांबलाच नाही. पण त्या सकाळी, सावित्री वहिनींकडून पुढच्या घराकडे जाताना, यमुनाबाई मुद्दाम मागे राहिल्या आणि म्हणाल्या, "फुडे हो. तूच बोल." प्रेमलताने पदर सावरला आणि दाराची कडी वाजवली.