मास्तरांच्या डब्यातली बटणं

लॅटिनचे मास्तर दोन आणि विद्यार्थी एका बाकावर मावतील एवढे. म्हणून प्राचार्यांनी ठरवलं, दोघांपैकी एकच ठेवायचा. ज्याचं संशोधन खरं निघेल तो राहील, दुसऱ्याने सामान आवरावं.

हे दोन मास्तर एकमेकांचे साडू होते. त्यामुळे भांडण कॉलेजात सुरू व्हायचं आणि सासुरवाडीत जेवणाच्या पानावर संपायचं. म्हणजे संपायचं नाही, पान संपायचं.

भांडण असं. मराठीत आपण ‘मोठं घर’ म्हणतो. ‘घर मोठं’ म्हटलं की ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसतो. लॅटिनमध्ये ‘माग्ना दोमुस’ म्हणा नाहीतर ‘दोमुस माग्ना’, घर मोठंच राहतं. पण लॅटिन लोक जास्त करून काय म्हणायचे? आपले मास्तर म्हणायचे, विशेषण आधी. साडू म्हणायचे, विशेषण नंतर. लॅटिन लोक कधीच वारले असल्यामुळे कुणाला विचारायची सोय नव्हती. त्यात काही लबाड लेखक ‘मोठं’ वाक्याच्या या टोकाला ठेवून ‘घर’ त्या टोकाला ठेवायचे. अशी वाक्यं मास्तर चहाबरोबर गिळून टाकायचे.

मास्तर प्रामाणिक. आपलं मन आपल्याच बाजूला झुकेल, ही त्यांना धास्ती. म्हणून त्यांनी मोजणीची एक रीत काढली. पत्र्याचे दोन डबे. झाकणाला फट, झाकणावर लाखेची मोहोर. ग्रंथ वाचताना विशेषण आधी दिसलं की एका डब्यात लाल बटण, नंतर दिसलं की दुसऱ्यात पांढरं. कोण पुढे आहे ते आपल्यालाही कळू नये. शिवाय कुणी भेसळ करू नये म्हणून प्रत्येक बटणाच्या पाठीवर न धुतल्या जाणाऱ्या शाईचा ठिपका. कित्येक वर्षं संध्याकाळी घरात टक्, टक् असा आवाज यायचा. पाहुण्यांना वाटायचं, नळ गळतोय.

बटणं कुठली? बायकोच्या शिलाईच्या पेटीतली. बाई घरीच शर्ट शिवायच्या. कॉलेजचे सगळे गणवेश आणि प्राचार्यांपासून सगळ्यांचे शर्ट त्यांच्याकडे. पेटीतली बटणं संपायला लागली तेव्हा त्यांना नवऱ्याचे डबे सापडले. झाकणाला मोहोर, पण तळ नुसता दाबून बसवलेला. बाईंनी तळ काढला, लागतील तेवढी पांढरी घेतली, तळ पुन्हा ठोकला. लाल बटणं कुणाच्या शर्टाला लावणार? ती राहिली. बाईंना मनातून बरंही वाटलं. इतक्या वर्षांत माणसानं आपल्यासाठी काहीतरी साठवलं. बोलून दाखवत नाही, स्वभावच तसा.

बैठकीला प्राचार्य, हिशेबनीस आणि दोन्ही साडू. साडूंनी आधी भाषण केलं. ते भाषण वेळेवर संपलं एवढंच त्याचं वैशिष्ट्य. मग मास्तरांनी मोहोर फोडली. लाल डब्यातून टेबलभर ढीग पडला. पांढरा डबा उपडा केला तर चिमूटभर बटणं आणि एक हूक.

“हूक कशाचा?” हिशेबनिसांनी विचारलं.

“अपवाद असेल,” प्राचार्य म्हणाले. “अभिनंदन, मास्तर. विशेषण आधी. विषय संपला.”

साडूंचा चेहरा उतरला. त्यांनी घाम पुसायला हात वर केला आणि बाहीचं सैल बटण उलटं लोंबलं. पाठीवर शाईचा ठिपका.

मास्तरांनी ठिपका पाहिला. साडूंचे शर्ट कोण शिवतं हे त्यांना माहीत होतं, आपली बायको. पुढचं समजायला त्यांना एका लॅटिन वाक्याएवढासुद्धा वेळ लागला नाही. तोंड मिटून ठेवलं तर नोकरी राहत होती. त्यांनी तोंड मिटलं. मग खोकले.

“साडूभाऊ, जरा बाही द्या.”

“आता बाहीसुद्धा घेणार का? नोकरी घेतलीत तेवढं पुरे.”

“हे बटण माझ्या डब्यातलं आहे.”

“तुमच्या घरातूनच शिवून आलाय शर्ट. मी काय चोरी केली?”

“तसं नाही हो. हे पांढरं आहे. तुमच्या बाजूचं.”

साडूंना अर्थ लागायला थोडा वेळ गेला. लागला तसे ते उठले आणि शर्ट काढून टेबलावर ठेवला. “मोजा,” ते म्हणाले. पोटावर हात ठेवून ते इतक्या ऐटीत उभे राहिले की प्राचार्यांनी नजर खिडकीकडे वळवली. तेवढ्यात हिशेबनीस हळूच म्हणाले, “सर, तुमच्याही कॉलरला आहे बघा एक.”

प्राचार्यांचा शर्ट गेला. हिशेबनिसांचाही गेला. मग शिपायाला सांगून व्हरांड्यातल्या मुलांना आत घेतलं. मुलांना वाटलं गणवेशाची तपासणी आहे, त्यांनी आधी शर्ट नीट खोचले आणि मग ते काढायला सांगितल्यावर गोंधळली. उघडाबंब प्राचार्य प्रत्येक बटण उलटं करून बघत होते, हिशेबनीस कात्रीने कापून डब्यात टाकत होते, आणि मास्तर स्वतःच ‘ठिपका आहे, घ्या’ म्हणत स्वतःची नोकरी एकेक टाका उसवत होते. पांढरा डबा भरला. मग टोपली मागवावी लागली. लाल ढीग तिच्याशेजारी खेळण्यातला दिसायला लागला.

“मास्तर,” प्राचार्य म्हणाले, “तुम्ही खोकला नसतात तर आम्ही सगळे कपड्यात असतो.”

नोकरी साडूंना मिळाली. त्यांनी ती दोन्ही हातांनी शर्ट धरून स्वीकारली.

मास्तर टोपली घेऊन घरी आले. बाई मशीनवर होत्या. बहिणीचा फोन येऊन गेला होता, त्यामुळे सांगायचं काही उरलं नव्हतं.

“गप्प बसला असतात तर?”

“सिद्धांत खोटा निघाला होता.”

“नोकरी तर खरी होती ना?”

मास्तर खुर्चीवर बसले. मशीन थोडं चाललं आणि थांबलं.

“आणि ती बटणं,” बाई सुईकडे बघत म्हणाल्या, “लॅटिनची होती म्हणे. माझ्यासाठी नव्हती.”

मास्तरांनी टोपलीकडे पाहिलं, मग दाराकडे.

“तुझ्यासाठीच साठवत होतो,” ते म्हणाले. “लॅटिनचं आपलं वरवर.”

“येत नाही तर बोलू नये माणसानं खोटं,” बाई म्हणाल्या. “आणा ती टोपली इकडे. सगळ्या कॉलेजचे शर्ट परत आलेत, आणि उद्या पोरं काय उघडी जाणार? सुईत दोरा ओवता येतो का तुम्हाला?”

मास्तरांनी खुर्ची ओढली, दोरा जिभेवर ओला केला आणि सुईचं भोक शोधायला लागले.