भिंतीवरची काच

शेजारचं जुनं नाट्यगृह पाडलं, पण त्याची रस्त्याकडची दगडी भिंत ठेवली. कमानी, खांब, वरचं नक्षीकाम, सगळं लोखंडी टेकूंवर तोलून धरलं आणि पाठीमागे काचेचा मनोरा उभा करायला घेतला. "चेहरा म्हातारीचा, धड पोरीचं," असं हे म्हणायचे. आम्हीही हसायचो. मग आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेला आणि हसू पळालं. त्या बाजूला नाट्यगृहाची आणि आमची भिंत एकच.

इंजिनियर बाई आल्या. त्यांनी तडा निरखला आणि त्यावर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवून दोन्ही टोकं सिमेंटनं चिकटवली.

"भिंत हलली की ही तुटेल. तुटली की लगेच फोन करायचा आणि बाहेर पडायचं. सामान आवरत बसायचं नाही."

"आणि परत कधी यायचं?" माझ्या नणंदेनं विचारलं.

बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली. "ते तेव्हा बघू, आजी."

नणंद म्हणजे यांची थोरली बहीण, आक्का. गुडघे गेल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावरून उतरलेल्या नाहीत. खाली न्यायचं तर उचलूनच न्यावं लागणार, आणि एकदा नेलं की पुन्हा वर कोण आणणार? त्यांना हे कळत होतं, आम्हालाही.

यांनी भिंतीसमोर खुर्चीच मांडली. पलीकडे यंत्र धडधडू लागलं की कपबशा वाजायच्या आणि यांचा जीव खालीवर व्हायचा.

"चहा गार झाला."

"होऊ दे."

"मेल्या, बायकोकडे कधी एवढं टक लावून बघितलं नाहीस," आक्का म्हणायच्या.

माझंही काही वेगळं नव्हतं. भांडी घासताना नजर तिकडेच. साधं झाकण पडलं तरी दचकायचे.

एका दुपारी हे औषधं आणायला गेले होते. मी गच्चीवरून कपडे घेऊन आले, तर आक्का स्वयंपाकघरात काठीवर भार देऊन उभ्या, हातात फडकं. पट्टी मधोमध तुटलेली.

"माझ्या हातून गेली गं. धूळ पुसायला गेले अन् फडकं अडकलं."

हे आले, पट्टी बघून पांढरेफटक पडले. मग आक्कांचं ऐकून मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे भिंत हलली नाही! आक्का, तू पण ना... बरं झालं, तूच तोडलीस. उद्या बाईंना सांगू, दुसरी लावतील."

मी पट्टीकडे बघत होते. ती माझ्या डोक्याच्या उंचीवर होती. आक्कांचा हात खांद्याच्या वर जात नाही. त्यांची वेणीसुद्धा मीच घालते.

"आक्का, जरा पुसून दाखवा बरं."

"आता काय पुसायचं? तुटली ना ती!"

"दाखवा तर."

त्यांनी फडकं उचललं. हात छातीपर्यंत आला, तिथेच थांबला. यंत्र पलीकडे चालूच होतं.

"मला इथंच राहू दे गं," आक्का हळूच म्हणाल्या. "माझे दिवस तरी किती उरलेत? तेवढी धरेल भिंत."

"आणि आम्ही? खालची बिऱ्हाडं?" मी विचारलं.

यांनी डोळे मिटून घेतले. फोन मीच केला.

मनोऱ्यावरच्या कामगारांनी आक्कांना खुर्चीसकट उतरवलं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर त्या कठडा घट्ट पकडायच्या आणि कामगार म्हणायचे, "सोडा आजी, सोडा." बाकीची बिऱ्हाडंही पोराबाळांना घेऊन धडाधड उतरत होती. रस्त्यापलीकडे खुर्ची टेकवली. समोर दगडी कमानी, त्यांच्या डोक्यावर चढत गेलेली काच आणि बाजूला आमची इमारत, अंग चोरून उभी. इंजिनियर बाई वर गेल्या होत्या, त्या अजून उतरल्या नव्हत्या.

आक्कांनी मान वर केलीच नाही.

"कुणाला विचारून फोन केलास?"

"कुणालाच नाही."

"मग आज मला कुठं झोपवायचं तेही तूच ठरव," त्या म्हणाल्या आणि माझं मनगट मुठीत गच्च धरून बसल्या.