लॉकीच्या नावापुढची खूण

टॅन्सीने नकाशा माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरला, तेव्हाच मी म्हणायला हवं होतं, पोरी, गुंडाळ हे. पण मी किटली चढवली. अकरा वर्षं मी हेच करत आलोय. बोलायची वेळ आली की किटली चढवतो.

"शनिवारी ब्लॅक बोनेट डोंगराची फेरी करतेय, काका. पूर्ण. एकटीच."

"एकटी? एप्रिलमध्ये, आपल्याकडे हिवाळा तोंडावर असताना? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"तू आणि बाबा एप्रिलमध्येच गेला होतात ना?"

टॅन्सी लॉकीची मुलगी, आणि लॉकी माझा जिवाभावाचा दोस्त. अकरा वर्षांपूर्वी तो त्याच डोंगरावर मेला, तेव्हा ही पंधरा वर्षांची होती. हनुवटी बापाची घेतलीय आणि हट्टही बापाचाच.

खरं सांगतो, पहिली दहा मिनिटं मला बरं वाटलं. आमच्या क्लबात फेऱ्या आखायचं काम तीस वर्षं माझ्याकडे होतं. गुडघे गेले तसं कोणी विचारेनासं झालं. आणि इथे ही पोरगी पेन्सिल घेऊन समोर बसली होती.

"किती वाजता निघणार?"

"सात."

"सात वाजता काय, नाश्ता करून? पाचला निघायचं. डोक्याला बॅटरी लाव. उजाडेपर्यंत दलदल मागे पडली पाहिजे. एकोणीस किलोमीटर आहे, बाराशे मीटर चढ. वरचे दगड फ्रीजएवढे आहेत आणि ओले असतात. मोजे दोन जोड जास्तीचे. खाणं बॅगेत आत खोल ठेव, ते काळे कॅरावाँग पक्षी चोचीने चेन उघडून सँडविच पळवतात."

"ठाऊक आहे रे."

"ठाऊक आहे म्हणणारेच उपाशी परत येतात. बरं, माथ्यावर दीडच्या आत. नाही पोचलीस तर जिथे असशील तिथून मागे फिरायचं. मग माथा दहा पावलांवर का असेना."

तिने दीड वाजता असं लिहून त्याला गोल केला. पुढे लिहिलं: माथ्यावर दोन तास.

"दोन तास? तिथे काय बिऱ्हाड मांडणार आहेस?"

"टोपी शोधणार आहे."

मी किटली पुन्हा चढवली.

त्या टोपीची गोष्ट आमच्या गावात शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे. लॉकीची हिरवी लोकरीची टोपी, हेदरने, त्याच्या बायकोने, विणलेली. उन्हाळ्यातसुद्धा डोक्यावर. डोंगराखाली गाडीतळावर एक लाकडी पेटी आहे, तिच्यात वही असते. जाताना नाव लिहायचं, परत आल्यावर नावापुढे वेळ टाकून बरोबरची खूण करायची. त्या दिवशी वहीत लॉकीच्या नावापुढे खूण होती. चार चाळीस. संध्याकाळी रेंजरने वही पाहिली, एक गाडी मागे होती तरी सगळे खाली आलेत असं समजून तो घरी गेला. दुसऱ्या दिवशी लॉकी सापडला तो गाडीतळाच्या वर चारशे मीटरवर, दगडांत, पाय मोडून, थंडीने मेलेला. डोक्यावर टोपी नव्हती. मग चौकशीत ठरलं की हा धडधाकट खाली आला, खूण केली, मग टोपी वर विसरल्याचं आठवलं म्हणून परत चढला आणि पडला. पबमध्ये अजून म्हणतात, 'लॉकीसारखा टोपीला जाऊ नकोस.' हसतात मेले.

"वर काही नाहीये," मी म्हणालो. "अकरा हिवाळे गेले. बर्फ, वारा. टोपी राहील का?"

"एखाद्या कपारीत असेल. मला बघायचंय काका, कुठल्या जागेसाठी ते वळले." ती पेन्सिलीचं टोक नखाने सोलत होती. "आई आणि मी जेवायला थांबलो होतो. ते खाली आले होते. गाडीत बसायचं होतं फक्त. आणि ते टोपीसाठी परत गेले. अकरा वर्षं झाली, माझा राग जात नाही. त्यांच्या फोटोशीसुद्धा मी नीट बोलत नाही."

मी हिशेब केला. दीडला माथा, साडेतीनपर्यंत कपारी धुंडाळणं, साडेपाचला सूर्य मावळतो. दक्षिणेची सोंड ती अंधारात उतरणार, त्याच ओल्या दगडांवरून. नसलेल्या टोपीसाठी.

"दोन तास नाही थांबायचं," मी ओरडलोच. "खोड ते!"

"नाही खोडणार. आणि खाली घरचा माणूस म्हणून तुझं नाव टाकतेय. सातपर्यंत माझा फोन नाही आला तर तू पोलिसांना कळवायचंस. आईला उगाच घोर नको. तुझ्याएवढा भरवशाचा दुसरा कोण आहे?"

नेव्हिल टॅबर्ट, तिने लिहिलं. सुवाच्य अक्षरात. खाली माझा नंबर.

मी उठलो, मागच्या शेडमध्ये गेलो. रंगाच्या डब्यांमागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. तो उघडून टोपी घेऊन आलो आणि तिच्या नकाशावर ठेवली.

ती बघतच राहिली. मग तिने टोपी उलटी केली. आत हेदरने लाल दोऱ्याने 'एल' विणलाय.

"ही तुझ्याकडे कशी?"

"त्यानेच दिली. माझा गुडघा धरला होता. ओढ्याकडे जवळची वाट फुटते तिथून मी एकटा उतरलो. वेगळं व्हायचं नाही हा नियम मीच लिहिलेला, आणि मीच मोडला. गारा सुरू झाल्या होत्या. त्याने स्वतःची टोपी माझ्या टकलावर बसवली आणि म्हणाला, 'म्हाताऱ्या, टक्कल सांभाळ.' आणि तो फेरी पुरी करायला गेला."

"मग ते परत कशाला..."

"तो परत गेला नाही, टॅन्सी. तो खाली आलाच नव्हता."

किटली शिट्टी मारत होती. दोघांपैकी कोणी उठलं नाही.

"खूण मी केली. आमच्यात तशी रीतच होती, जो आधी उतरेल तो सगळ्यांच्या खुणा करून टाकायचा. मागच्यांनी पावसात ताटकळू नये म्हणून. मी त्याला पाहिलं होतं गं. पिवळं जाकीट, शेवटच्या सोंडेवर, वीस मिनिटांवर. हात केला. वही काढली, दोघांच्या खुणा केल्या, वर पाहिलं तर जाकीट दिसेना. म्हटलं, दगडांमागे असेल. आम्ही आपापल्या गाड्यांनी आलो होतो. बेकरी पाचला बंद होते, मला शिंपल्यांचं गरम पॅटिस हवं होतं. म्हणून निघालो."

"पॅटिस हवं होतं," ती म्हणाली.

"तुला आणि हेदरला वाटलं असणार, तो माझ्याकडे बियर पीत बसलाय. नेहमीचंच होतं. सकाळी हेदरचा फोन आला तेव्हा माझी दातखीळ बसली. मग चौकशीवाले टोपी टोपी करायला लागले, आणि टोपी माझ्या हॉलमधल्या खुंटीवर. मी मूग गिळून बसलो. आधी एक दिवस, मग आठवडा. मग सांगायचं कसं तेच कळेना."

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर थोबाडीत देईल. दिली असती तर फार बरं झालं असतं. तिने पेन्सिल उचलली, माथ्यावर दोन तास हे खोडलं. मग माझं नाव खोडलं, इतक्या जोरात की कागद फाटला. तिथे पोलीस ठाण्याचा नंबर लिहिला. नकाशा गुंडाळला, टोपी खिशात घातली आणि गेली.

शनिवारी पहाटे पाचला मी गाडीतळावर होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं. तिने मला पाहिलं, वहीत नाव लिहिलं आणि बॅटरी लावून निघाली. मी गाडीत बसून राहिलो. थर्मासमधला चहा संपला. दुपारी गारा पडल्या. दीड वाजला, तीन वाजले. चारनंतर मी बाहेर येऊन खाली मान घालून फेऱ्या मारत राहिलो. देवाला मी कधी विचारत नाही, पण त्या दिवशी विचारलं.

चार पन्नासला ती झाडीतून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, डोक्यावर हिरवी टोपी. मी पेटीशीच उभा होतो.

"बाजूला व्हा," ती म्हणाली.

मी झालो. तिने वही काढली, वेळ टाकली, स्वतःच्या नावापुढे खूण केली. मग वही तशीच हातात धरून सोंडेकडे बघत उभी राहिली.

"बाबा सापडले तिथे मी अर्धा तास बसले. चांगला खांबाएवढा दगड आहे, त्याच्या आडोशाला. खालून माणूस दिसत नाही. तिथून गाडीतळ दिसतो."

मी मान वर करून तिकडे पाहिलं.

"ही पेटी दिसते. पेटीशी कोण उभं आहे ते दिसतं. तुमची गाडीसुद्धा दिसत होती मघाशी, आणि तुम्ही बाहेर फेऱ्या मारत होतात. मी हाक मारली. तुम्ही वर पाहिलंत पण नाही."

"वारा होता गं."

"हो. तेव्हाही असणार." तिने वही पेटीत ठेवली. "खुणा करायची ती रीत बाबांना माहीत होती?"

"त्यानेच पाडली होती ती रीत."

"म्हणजे तुम्ही वही ठेवलीत, गाडी काढलीत, तेव्हाच त्यांना कळलं असणार की आता सकाळपर्यंत कोणी येणार नाही. किती वाजेपर्यंत जिवंत होते ते?"

"डॉक्टर म्हणाले, रात्रीचे बारा. फार तर एक."

ती मनातल्या मनात तास मोजत होती, ते मला दिसत होतं. मग तिने टोपी कानांवर ओढली आणि गाडीकडे गेली. काच खाली करून एवढंच म्हणाली, "आईला आज तुम्ही सांगायचंय. मी जेवायला थांबवते तिला."

ती गेल्यावर मी पेटीचं झाकण लावलं. गाडी सुरू केली, आणि हेदरच्या घराकडे वळवली.