पाण्याच्या कडेची रेघ

मी कॅमेऱ्याचा एक जुना ट्रायपॉड आहे, मित्रांनो. पाय तीन, पण स्वतःहून पाऊलभरही चालता येत नाही. चष्मे बनवणाऱ्या माझ्या मालकांच्या खांद्यावर बसलो, तेव्हा कुठे मी जग पाहिलं.

मालकांना नाद एकच. शनिवारी दुकान बंद केलं की शहराच्या तलावावर जायचं, बांधावर मला उभं करायचं आणि पलीकडच्या इमारतींचे, पाण्यात उतरलेल्या दिव्यांचे फोटो काढायचे. सोबत मालकीणबाई असत. माझा एक पाय घसरायचा, म्हणून त्यांनी जुन्या रुमालाची पट्टी आवळून तो बांधला. ती पट्टी अजून आहे.

अंधारात फोटो काढताना कॅमेऱ्याचा डोळा अर्धं मिनिट उघडा राहतो. तेवढ्यात जे स्थिर उभं राहील ते उमटतं, जे हलेल ते पुसलं जातं. मी अगदी खांबासारखा उभा राहायचो. मालकीणबाईंना मात्र एका जागी करमत नसे. त्या पाण्याच्या कडेने फेऱ्या घालत, त्यामुळे कुठल्याच फोटोत उमटल्या नाहीत. एकदा तर त्यांनी चालता चालता टॉर्च लावला.

"अगं, बिघडवलास ना फोटो!" मालक ओरडले.

"अहो, तुमच्या इमारती कुठे पळून जाताहेत? काढा पुन्हा!" त्या हसत म्हणाल्या.

इमारती खरंच कुठे गेल्या नाहीत. मालकीणबाईच गेल्या, दोन महिन्यांच्या आजारपणात.

मग तीन वर्षं मी कपाटावर धूळ खात पडलो. सांधे गंजले. तलावाची फार आठवण यायची, आणि त्याहून जास्त पट्टी आवळणाऱ्या त्या हातांची. खाली मालक जुने फोटो चाळत बसत. शेकडो फोटो, खिडकी न् खिडकी स्पष्ट, आणि बायको एकातही नाही. जगाला नीट दिसावं म्हणून काचा घासणारा माणूस, पण दिव्याखाली अंधार!

एका संध्याकाळी तो बिघडलेला फोटो त्यांच्या हाती लागला. पाण्याच्या कडेने टॉर्चची एक उजळ रेघ गेली होती. मालक ओरडले तिथे ती थबकली होती, एवढ्याशा ठिपक्यापुरती. त्या ठिपक्यावर बोट ठेवून मालक ढसाढसा रडले.

पुढच्या शनिवारी त्यांनी मला खाली काढलं, पुसलं, सांध्यांना तेल घातलं. पट्टी मात्र सोडली नाही. लेकीला घेऊन आम्ही तलावावर गेलो. मालकांनी कॅमेरा बसवला, बटण लेकीकडे सोपवलं आणि टॉर्च लावून ते स्वतः पाण्याच्या कडेने चालू लागले.

"बाबा, फोटो बिघडेल!"

"बिघडू दे गं."

मित्रांनो, जुन्या वस्तूंना अधूनमधून तेल घाला, हे तर मी सांगणारच. पण शहर उद्याही तिथेच असेल. आधी कॅमेरा जरा वळवा, आणि सोबत आलेल्या माणसाला म्हणा, "अर्धं मिनिट उभी राहा गं."