लीलाधररावांचा तिमाही अहवाल

"आता बाबाची सही आनू कुठून, सर? वर जाऊ का?" गोटूने फॉर्म उलटसुलट करून पाहिला आणि काउंटरवर ठेवून दिला.

बुऱ्हाणपूरच्या लालबागेतल्या त्याच्या औषधाच्या दुकानावर पाटी होती 'दगा भिका मेडिकल', आणि त्याचा बाप दगा भिका जाऊन बारा वर्षं झाली होती. लीलाधररावांनी मात्र दर तिमाहीला कंपनीला इमानेइतबारे कळवलं होतं: गिऱ्हाईक, दगा भिका, संगणक, एक, वापर, चालू.

यात त्यांचा फारसा दोष नव्हता. बुऱ्हाणपुरात दुकान चालवतो एक आणि पाटीवर असतो दुसरा. बाप गेला म्हणून पाटीवरून त्याचं नाव काढायचं, हे इथे कुणाच्या मनातही येत नाही. लीलाधरराव पाट्या वाचून अहवाल भरत गेले, आणि आता नीट मोजलं तर अडतीस गिऱ्हाइकांपैकी अकरा स्वर्गवासी निघाले.

लीलाधरराव एकसष्ट वर्षांचे, गणिताचे निवृत्त मास्तर. एकोणीस वर्षांपूर्वी, शाळा सांभाळून, त्यांनी दवाखाने आणि औषधांच्या दुकानांसाठी एक प्रोग्रॅम लिहिला होता. रोग्याचं नाव टाकलं की त्याचं मागचं सगळं औषधपाणी मराठीत छापून यायचं. प्रोग्रॅम त्यांचा, पण मराठी अक्षरं उमटवणारा भाग पुण्याच्या एका कंपनीचा. तो वापरायचा परवाना मिळाला तो एका अटीवर. आपली गिऱ्हाइकं कोण, कुठली, किती संगणकांवर, हे दर तीन महिन्यांनी पंधरा दिवसांच्या आत कळवायचं. लोकांना असल्या अटी म्हणजे डोक्याला ताप वाटतो. लीलाधररावांना त्या अहवालाचा लळा लागला होता. शेऱ्याच्या रकान्यात ते लिहीत, 'यांच्याकडे मुलीचं लग्न आहे, फोन केल्यास चिडतील.' पुण्याहून कुणीतरी कारकून उत्तरही धाडायचा, 'लग्न कसं झालं?'

मग, जीएसटी आला त्याच वर्षी, ती कंपनी दुसऱ्या मोठ्या कंपनीत विलीन झाली. नव्या कंपनीने एकोणीस पानांच्या नव्या अटी पाठवल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची सही आणि दुकानाचा किंवा डॉक्टरकीचा नोंदणी क्रमांक हवा. ज्याचं नाव एकतीस डिसेंबरपर्यंत येणार नाही, त्याच्याकडचा प्रोग्रॅम बंद पडेल. खोटी माहिती आढळली तर सगळ्यांचाच.

गोटूने स्वतःच्या नावाने सही केली, क्रमांक टाकला. अशाच आणखी नऊ स्वर्गवासींच्या जागी त्यांचे मुलगे-नातू आले. अडलं ते अकराव्यापाशी.

देडतलाईचे डॉक्टर अरविंद दोन वर्षांपूर्वी वारले होते. दवाखाना बंद. मूलबाळ नाही. तरीही अहवालात 'वापर, चालू' लिहिताना लीलाधररावांचा हात कधी अडखळला नव्हता, कारण वापर खरोखरच चालू होता.

"त्यात काय सर," गोटू म्हणाला, "डाक्टरसाहेबाची सही मी ठोकून देतो. पुन्यात कोन वळखते? कौन देखने आ रहा है?"

"गोटू, तू सातवीतही असाच होतास," लीलाधरराव म्हणाले, आणि फॉर्म घडी करून उठले.

दुसऱ्या दिवशी ते बसने देडतलाईला पोचले. बाजाराचा दिवस होता. दवाखान्याचं दार उघडं, आत डॉक्टरांची पत्नी मालूबाई संगणकापुढे, आणि ओट्यावर पाच-सहा माणसं.

"या भाऊ, बसा," मालूबाई म्हणाल्या. "एवढं भागाबाईचं काढून देते."

भागाबाई म्हणून एक म्हातारी बाकावर बसली होती. "सायेब मले ते सुई नको म्हनत व्हते," ती सांगत होती. "नाव काय तिचं, ध्यानात नाही राह्यत. उद्या बुऱ्हानपूरले मोठ्या दवाखान्यात नेऊन राहिला पोरगा."

मालूबाईंनी नाव, बापाचं नाव, गाव टाकलं. प्रिंटर खरखरला. कागदावर सगळ्यात वर, ठळक: 'पेनिसिलीन देऊ नये. अंग सुजते, श्वास लागतो.' भागाबाईने तो कागद वाचता येत नसूनही नीट पाहिला आणि चोळीत ठेवला.

"मी काय डाक्टर हाये का भाऊ?" ती गेल्यावर मालूबाई म्हणाल्या. "औषध तं मी एक गोयी देत नाही. फक्त साहेबांनी लिहेल हाये ते काढून देते. लोकाईले वाटते, साहेब अजून सांगूनच राहिले."

लीलाधररावांनी ज्यासाठी आले होते ते काम सांगितलं. मालूबाईंचा चेहरा उतरला. "म्हंजे हे पुसून टाकायचं?"

लीलाधररावांनी तिथूनच कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी फार गोड बोलली. "सर, कस्टमर एक्स्पायर हो गए तो लायसन्स भी खत्म. मॅडम का रजिस्ट्रेशन नंबर है क्या? नहीं? तो अनइन्स्टॉल करके कन्फर्मेशन भेज दीजिए."

सगळं छापून ठेवावं, तर रोगी अकरा हजार. दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये न्यावं, तर अक्षरं या कंपनीची. तिकडे उघडली की नुसती वेडीवाकडी चिन्हं. लीलाधररावांना वाईट वाटलं. त्याहून जास्त राग आला, आणि राग कुणावर काढावा हे कळेना. ती मुलगी तिच्या जागी बरोबरच होती. "दोन दिवस द्या, वहिनी," एवढंच ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांनी एकोणीस पानं पुन्हा काढली. मास्तरांना सवय होती, गणित सुटेना की प्रश्न परत वाचायचा. चौदाव्या पानावर ते थांबले. 'विकासकाला, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला, या अक्षरांच्या भागाची स्वतःची एक प्रत मिळेल. ती तो कोणत्याही एका संगणकावर, कोणत्याही ठिकाणी ठेवू शकतो. तिला गिऱ्हाइकाच्या अटी लागू नाहीत.' काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'पन्नासपेक्षा कमी गिऱ्हाइके असलेल्या विकासकास दुसरी प्रत मिळणार नाही.'

त्या प्रतीवरच त्यांचं सगळं लिहिणं चालायचं. निवृत्तीनंतर दोन वर्षं ते एक नवा प्रोग्रॅम लिहीत होते, पोरांना अपूर्णांक शिकवणारा. पडद्यावर केळीचा घड यायचा, त्याच्या फण्या कापून पाव, तृतीयांश, सप्तमांश दिसायचे. अर्धा झाला होता. अपूर्णांकांत नापास होणारी पोरं त्यांनी पस्तीस वर्षं पाहिली होती. खकनारपासून बुऱ्हाणपूरपर्यंत त्यांनी खिडकीबाहेर केळीच्या बागाच बागा पाहिल्या.

घरी आल्यावर त्यांनी आपल्या संगणकावरची प्रत काढली. तिसऱ्या दिवशी जाऊन ती मालूबाईंच्या संगणकावर घातली. परवान्याचे आकडे दोनदा तपासून टाकले. मालूबाईंनी विचारलं, "तुमचं काही अडनार तं नाही ना, भाऊ?"

"माझं काय अडायचंय? मी तर रिटायर माणूस," लीलाधरराव म्हणाले. एकोणीस वर्षांत कंपनीला खोटं न लिहिलेला माणूस इथे मात्र सहज खोटं बोलून गेला.

संध्याकाळी घरच्या टेबलावर त्यांनी अहवाल भरायला घेतला. गिऱ्हाइकं, सदतीस. डॉक्टर अरविंद, देडतलाई, या नावापुढे त्यांनी 'वापर समाप्त' लिहिलं. पुढे शेवटचा रकाना होता, 'विकासकाची स्वतःची प्रत: ठिकाण आणि उपयोग.' दरवेळी ते लिहीत, बुऱ्हाणपूर, नवीन प्रोग्रॅम लिहिण्यासाठी. आज त्यांनी लिहिलं, देडतलाई. आजारी माणसाला त्याचं मागचं औषध सांगण्यासाठी.

त्यांची पत्नी वंदना मागे येऊन उभी होती. तिने ते वाचलं.

"मग तुमच्या केळीच्या घडाचं?"

"राहिलं."

या संगणकाला ती इतकी वर्षं 'माझी सवत' म्हणत आली होती. आज ती चहाचे दोन कप घेऊन आली, एक त्या बंद संगणकाशेजारी ठेवला, आणि या टेबलापाशी पहिल्यांदाच स्वतःसाठीही खुर्ची ओढली.