डाकीण आणि तिचं पोस्ट ऑफिस

शेवंताबाई दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये मुलाकडे आल्या होत्या, त्याला शेजारणी 'विश्रांती' म्हणत. घडलं होतं ते असं: सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या चुलत दिराची, मल्हारीची, म्हैस मेली आणि गावानं शेवंताबाईंच्या डोळ्यांत मिरचीपूड टाकून त्यांना वेशीबाहेर काढलं. म्हैस आधीपासून आजारी होती. पण म्हशीवर संशय घेणं बरं दिसत नाही.

शेवंताबाईंना मृगाच्या पेरणीला आपल्या घरी परतायचं होतं. हवालदार मुलगा धैर्यशील म्हणे, "आई, सध्या नको."

अशात मल्हारीचा फोन सुनेनं उचलला. नाव अबोली, पण बोलकी. जन्म दिल्लीचा, मराठी बेताचं.

"वहिनीला इकडं धाडू नका. डाकीण हाय ती."

"अच्छा? आई कधी बोलल्या नाहीत! कोणत्या पोस्ट ऑफिसात होत्या?"

मल्हारीनं फोन ठेवला.

धैर्यशीलनं अर्थ सांगितला: डाकीण म्हणजे डायन. अबोली संतापून परत फोन लावायला निघाली, तेव्हा शेवंताबाईंनी तिचा हात धरला. "तुझं मराठी कच्चं हाय न्हवं? मग कच्चंच ठेव. आता लाव."

"काका, सॉरी हं, मला मराठी बिल्कुल नाही समजत. लिहून पाठवाल? आईंनी काय केलं, परत आल्या तर तुम्ही काय करणार, सगळं."

"पंचांच्या सह्या घे म्हणावं," शेवंताबाई कुजबुजल्या.

मल्हारी माजी सरपंच. घरात लेटरहेड उरलं होतं, मजकूर मागणारं कुणी उरलं नव्हतं. आठवड्यात रजिस्टर पोस्टानं दोन पानं आली: शेवंता ही डाकीण असून तिने म्हैस खाल्ली, परतल्यास जिवंत सोडणार नाही, कळावे, लोभ असावा. खाली शिक्का, चार सह्या.

महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे. कुणी पुरावा आणून दिला तर तो लागूही होतो. तालुक्याच्या फौजदारांनी पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा आनंदासाठी.

मृगाच्या आदल्या दिवशी शेवंताबाईंचा फोन आला.

"पोचलात, आई? गाव काय म्हणतं?"

"दारं लावून बसलंय. भाऊजी पोलिसांच्या जीपमदी बसताना हात जोडत व्हते. म्हणे, वहिनी, तुमी सांगा ना सायबांना."

"मग?"

"म्हटलं, मी काय सांगणार? डाकीण नुसतं पत्र पोचवती. बरं, ठेवते. कुलूप गंजलंय, तेल घालायचंय."