सगळ्यात शेवटी घेतलेली ब्रँच

महिनाअखेरीस ऑफिसचा सगळा मजला बुवांच्या, म्हणजे सगळ्यात जुन्या इंजिनिअरच्या, टेबलाभोवती गोळा व्हायचा. चहा निवायचा, फोन वाजून वाजून बंद पडायचे, पण जागचं कुणी हलायचं नाही. मर्जचा दिवस ना! महिनाभर जो तो मूळ कोडची आपली वेगळी प्रत, म्हणजे ब्रँच, घेऊन आपल्या कोपऱ्यात बसायचा. आता त्या साऱ्या ब्रँच एकत्र करायच्या. एकाच ओळीत दोघांनी वेगवेगळे बदल केले असले की मशीन अडून बसतं आणि विचारतं, कुणाचं ठेवू? बाकीच्यांच्या हातून ते पावलोपावली अडायचं. बुवांच्या हातून कधीच नाही.

"यंत्रालाही मन असतं, बाळांनो," बुवा डोळे मिटून म्हणायचे. "कोडमधली भांडणं म्हणजे तुमच्या मनातली भांडणं. मी फक्त ती शांत करतो." मग एक बटण दाबायचे. पडद्यावर हिरवी खूण उमटायची आणि चांगली शिकलीसवरलेली इंजिनिअर मंडळी तोंडात बोटं घालायची.

त्यांच्यातली एक मुलगी तेवढी लांब, खिडकीपाशी बसायची. पाठीमागे सगळे तिला पनवती म्हणत. बुवा आपल्या पट्टशिष्याची ब्रँच सगळ्यात आधी घ्यायचे आणि तिची सगळ्यात शेवटी, उगाच अपशकुन नको म्हणून. आणि तो व्हायचाच. तिने दुरुस्त केलेली चूक पुढच्या महिन्यात पुन्हा हजर! मग खापर तिच्याच डोक्यावर. डबा खाताना समोरची खुर्ची रिकामी असायची, म्हणून ती फोनमध्ये उगाच काहीतरी वाचत राहायची.

"आई, मी खरंच केलं होतं गं," एकदा तिने फोनवर सांगितलं.

"केलं असशील. पण हल्ली तू विसरतेस, बाळा. थोडे दिवस घरी ये."

आईलाही तसंच वाटतंय म्हटल्यावर तिला फार एकटं वाटलं. त्या दिवसापासून तिचा स्वतःवरचा भरवसा उडायला लागला.

मग एक दिवस साहेबांनी तिला बोलावलं. कंपनीचं सॉफ्टवेअर हॉस्पिटलांत चालायचं. "पेशंटला न चालणारं औषध निवडलं तर लाल इशारा यायला हवा. येत नाहीये. नर्सच्या लक्षात आलं म्हणून निभावलं."

"मी तो घातला होता, साहेब."

"दर वेळी हेच ऐकतो. या मर्जनंतर इशारा दिसला नाही, तर दुसरीकडे नोकरी बघा."

तिने इशारा पुन्हा घातला आणि विचार करत बसली. गायब होतं ते माझंच का? माझ्यात असं काय वेगळं आहे? खूप डोकं खाजवलं, तेव्हा एकच गोष्ट सापडली. आपण शेवटी असतो.

मर्जच्या दिवशी ती उठून गर्दीत शिरली. "बुवा, आज उलट्या क्रमाने घ्या. माझी पहिली, तुमच्या पट्टशिष्याची शेवटी."

कुणीतरी हसलं. बुवा म्हणाले, "यंत्राची लय मोडू नये, मुली."

"सगळ्यांचं काम शाबूत राहत असेल, तर क्रमाने काय फरक पडतो?"

"घ्या हो," साहेब म्हणाले. "एकदा तिची सबब तरी मिटेल."

बुवांना नाही म्हणता येईना. बटण दाबलं, हिरवी खूण आली. तिने औषधांचा पडदा उघडला. लाल इशारा समोर होता. मग ती पट्टशिष्याकडे वळली. "याच पडद्यावर तू वजनावरून डोस काढायची सोय केलीस ना? दाखव."

त्याने शोधलं. पुन्हा शोधलं. त्याचा चेहरा उतरला. "मी केलं होतं," तो म्हणाला.

"माहीत आहे. मीही केलं होतं."

तिने बुवांच्या बटणामागची आज्ञा पडद्यावर उघडून सगळ्यांना वाचून दाखवली. भांडण दिसलं की आधी आलेल्याचं ठेव, नंतरच्याचं फेकून दे, आणि विचारू नकोस. एवढीच बुवांची सिद्धी. पनवती म्हणून तिला शेवटी ठेवलं, शेवटी ठेवलं म्हणून तिचं काम गेलं, आणि काम गेलं म्हणून ती पनवती ठरली.

"वेळ वाचत होता," बुवा पुटपुटले.

गर्दी पांगली. माफी कुणी मागितली नाही. ती खिडकीपाशी परतली.

मशीन अडतं तेव्हा ते कोपत नाही, प्रश्न विचारतं. त्याचं उत्तर दोन माणसांनी शेजारी बसून द्यायचं असतं. महिनाभर कोपरे धरून बसण्यापेक्षा रोज थोडं एकत्र करावं, एकमेकांचं वाचावं. आणि कुणाला पनवती म्हणण्याआधी आपण त्याला कुठे उभं केलंय ते बघावं.

थोड्या वेळाने खुर्ची ओढल्याचा आवाज आला. पट्टशिष्य लॅपटॉप घेऊन तिच्या शेजारी बसला. "इथे तुझी ओळ आहे, इथे माझी. कुठली ठेवायची?"

इतक्या महिन्यांत तिला कुणी काही विचारलं नव्हतं. तिने दोघांच्या ओळी वाचल्या.

"दोन्ही," ती म्हणाली.